मुक्काम ठरवताना आधी स्वयंपाकघर पाहा

गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापक दवाखान्यात आले. वय ६७, बारा वर्षांचा मधुमेह आणि जोडीला रक्तदाब. मुलगी-जावई नोकरीनिमित्त जर्मनीत असतात. त्यांनी आई-वडिलांना बोलावले आहे आणि त्यातले आठ दिवस इटलीच्या समुद्रकाठी घालवायचा बेत आहे. मुलीने पाठवलेले हॉटेलांचे फोटो गुरुजींनी मला मोबाईलवर दाखवले. निळे पाणी, पांढऱ्या छत्र्या, शेजारी पोहण्याचा तलाव. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आठ दिवस पथ्य सोडलं तर चालेल ना? परत आल्यावर पुन्हा कडक पाळतो."

मी म्हटले, "गुरुजी, फोटो छान आहेत. पण यात स्वयंपाकघर कुठं दिसत नाही."

गुरुजी हसले. त्यांना वाटले, डॉक्टर थट्टा करताहेत. पण माझा प्रश्न थट्टेचा नव्हता. ज्याला मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे, त्याने परगावी मुक्काम निवडताना खिडकीतून समुद्र दिसतो का हे नंतर विचारावे. आधी विचारावे की जेवण कोण करते, किती वाजता मिळते आणि ताटात काय असते. हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. ते चुकीतून आले आहे, आणि चूक माझीच होती.

दोन वर्षांपूर्वी मी आणि आमच्या सौ. मुलाबरोबर याच किनाऱ्यावर गेलो होतो. नेपल्स शहराच्या दक्षिणेला सालेर्नो जिल्हा आहे, त्यातला चिलेंतो हा डोंगर आणि समुद्र यांच्यामधला भाग. पहिले तीन दिवस आम्ही समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात उतरलो. सौ. ना मधुमेह आहे. घरी आमचे रात्रीचे जेवण सव्वासातला असते, म्हणून सवयीप्रमाणे त्यांनी जेवणाआधीची गोळी सातला घेतली. खाली जाऊन पाहतो तर भोजनगृह आठ वाजता उघडणार! पावणेआठला त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर तपासली तर ५८. खोलीतल्या कॉफीच्या ट्रेमध्ये साखरेच्या पुड्या होत्या, म्हणून निभावले. तीस वर्षे लोकांना "गोळी घेतल्यावर जेवण लांबवू नका" असे बजावणाऱ्या माणसाच्या घरात हे घडले. इटलीत, विशेषतः दक्षिणेत, साडेसात-आठच्या आधी कुणी रात्री जेवत नाही, ही साधी गोष्ट मी विचारून घेतली नव्हती.

चौथ्या दिवशी आम्ही ते हॉटेल सोडून वर डोंगरात एका शेतघरी राहायला गेलो. उरलेल्या सहा दिवसांत सौ. ची साखर घरी असते त्याहूनही बरी राहिली. हा चमत्कार नाही. त्याची कारणे सरळ आहेत आणि ती सांगण्यासाठीच हा लेख.

एका शास्त्रज्ञाचे घर

वाचकहो, हल्ली "मेडिटरेनियन डाएट" हा शब्द आपल्याकडेही ऐकू येतो. त्याचा उगम सांगताना याच चिलेंतोतील पिओप्पी या लहानशा गावाचे नाव घ्यावे लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे अँसेल कीज (१९०४ ते २००४) यांनी १९५८ मध्ये 'सात देशांचा अभ्यास' सुरू केला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान या देशांतील ४० ते ५९ वयाच्या १२,७६३ पुरुषांची पाहणी करून पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. पूर्व फिनलंडमध्ये हृदयविकाराचे मृत्यू फार होते, ग्रीसच्या क्रीट बेटावर अगदी थोडे. लोणी, मांस यांतील घट्ट चरबी आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांचा याच्याशी संबंध असल्याचे कीज यांनी मांडले. १९६० च्या दशकात त्यांनी पिओप्पीला घर बांधले आणि आयुष्याचा बराच काळ तेथे काढला. आपले शहर मिनिआपोलिस आणि जवळचे प्राचीन ग्रीक नगर एलेआ, या दोन नावांवरून घराचे नाव त्यांनी 'मिनेलेआ' ठेवले. शंभरी ओलांडून, एकशे एकावा वाढदिवस दोन महिन्यांवर असताना ते वारले.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. पिओप्पी गाव त्या सात देशांच्या अभ्यासात नव्हते. कीज तेथे राहिले, तेथले अन्न त्यांना मानवले, एवढेच. शिवाय देश आणि गावे निवडण्याच्या त्यांच्या पद्धतीवर टीकाही झाली आहे. पण पुढे स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या सुमारे ७,४०० लोकांवर मोठा प्रयोग झाला. ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदाम यांची जोड दिलेल्या या आहाराने हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गट पाडण्यात काही चुका झाल्याचे आढळल्यावर तो निबंध मागे घेऊन २०१८ मध्ये पुन्हा तपासून छापला गेला, तरी निष्कर्ष जवळपास तोच राहिला. २०१० मध्ये युनेस्कोने या आहारपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा इटलीच्या वतीने चिलेंतोचेच नाव होते.

मग तेथे जाऊन समुद्राचा वारा खाल्ला की हृदय सुधारते का? मुळीच नाही. ज्या कांपानिया प्रांतात हे पिओप्पी आहे, तोच प्रांत आज मुलांच्या लठ्ठपणात इटलीत पुढच्या रांगेत आहे. आजी हरभरे शिजवते आणि नातू बटाट्याचे चिप्स व गोड पेये पितो, हे चित्र तेथेही आहे. म्हणजे आरोग्य त्या किनाऱ्याच्या पाण्यात नसून तेथल्या जुन्या स्वयंपाकघरात आहे. प्रवाशाला ते स्वयंपाकघर गाठता आले पाहिजे.

मुक्काम कुठे करावा?

मोठ्या हॉटेलात मुख्य अडचण बुफेची. इटलीत सकाळची न्याहारी मुळात गोड असते. कॉफीबरोबर कोर्नेत्तो नावाचा लोण्याचा पाव, केक, जॅम, बिस्किटे. हॉटेलात याच वस्तूंचे डोंगर रचलेले असतात आणि पैसे आधीच भरलेले असल्याने माणूस वसुली करायला बसतो. तिन्ही वेळच्या जेवणाचे पैसे धरलेले असले, तर दिवसभर पोट भरलेले आणि पाय रिकामे, अशी स्थिती होते. खोलीतून तलाव, तलावातून भोजनगृह. आठ दिवसांत वजन दोन किलोंनी वाढवून आलेले प्रवासी मी पाहिले आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे अग्रीतुरिझ्मो, म्हणजे आपण ज्याला कृषी पर्यटन म्हणतो ते. इटलीत यासाठी १९८५ पासून राष्ट्रीय कायदा आहे. चालवणारा शेतकरीच असावा लागतो आणि पाहुण्यांना द्यायच्या जेवणात स्वतःच्या शेतातला व त्या भागातला माल असावा, असे बंधन आहे. खोल्या साध्या असतात. अशा ठिकाणी 'मेझ्झा पेन्सिओने', म्हणजे न्याहारी आणि रात्रीचे जेवण, एवढेच घ्यावे. दुपार मोकळी ठेवावी. आमच्या शेतघराच्या मालकीणबाईंना मुलाने पहिल्याच दिवशी सौ. चा आजार सांगितला. त्यानंतर रोज साडेसहाला त्या एक वाटी डाळीचे किंवा भाजीचे सूप आणून ठेवीत. हॉटेलच्या नियमात न बसणारी ही वाटी घरात सहज बसते.

तिसरा मार्ग म्हणजे स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारे घर. दोन जोडपी किंवा मुलेबाळे बरोबर असतील, तर हे स्वस्तही पडते. आठवडी बाजारातून टोमॅटो, वांगी, पालेभाज्या आणाव्यात आणि सकाळ-दुपारचे घरी करावे. बरोबर नेलेल्या मुगाच्या डाळीची खिचडीही होते. डबाबंद हरभरे घेतले, तर त्यातले खारे पाणी ओतून दाणे दोनदा धुवावेत.

गावही विचारपूर्वक निवडावे. पिओप्पी आणि अच्चारोली ही पोल्लिका नगरपालिकेतील किनाऱ्यावरची दोन गावे. मूळचे मासेमार असलेले आंजेलो वास्साल्लो तेथे महापौर होते. किनारा सिमेंटने भरून टाकण्याला त्यांचा विरोध होता आणि या आहाराला युनेस्कोची मान्यता मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली. ५ सप्टेंबर २०१० रोजी गोळ्या घालून त्यांचा खून झाला. मान्यता आली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. आज तेथे संध्याकाळी बंदरावर पायी हिंडता येते, त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत. पिओप्पीला या आहाराचे लहानसे संग्रहालयही आहे.

आता शेतघराचे तोटेही सांगतो. गावे उंचावर, रस्ते वळणांचे, पायऱ्या पुष्कळ. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी तळमजल्याची खोली मागावी. बस मोजक्याच, त्यामुळे गाडी चालवणारे कुणीतरी हवे. दुपारी एकनंतर दुकाने बंद होतात ती चार-साडेचारपर्यंत. आगगाडी अग्रोपोली किंवा आशेआपर्यंत जाते, पुढचे आपले आपण. महिना निवडायचा तर मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, भाव चढे आणि १५ ऑगस्टच्या त्यांच्या सणाला तर सारा इटली किनाऱ्यावर लोटतो. हिवाळ्यात किनाऱ्यावरची कित्येक हॉटेले आणि खानावळी बंदच असतात.

ताटात काय घ्यावे?

तेथले जेवण टप्प्याटप्प्याने येते. आधी तोंडीलावणे, मग पास्ता, मग मासे किंवा मांस, मग भाजी, शेवटी गोड. हे सगळे मागवलेच पाहिजे असे नाही. पास्ता किंवा मासे यांपैकी एक आणि त्याबरोबर भाजीची बशी, एवढे पुरते. वाईट कुणाला वाटत नाही. इटालियन घरात पास्त्याची एक वाढणी साधारण ८० ग्रॅम कोरड्या पास्त्याची असते. तो थोडा कणीदार, दाताला लागेल असा शिजवतात. असा पास्ता गिचका शिजवलेल्यापेक्षा साखर सावकाश वाढवतो. पण टेबलावर आधी येऊन बसणारी पांढऱ्या पावाची टोपली मात्र मधुमेह्याने दूर सारावी. पाव आणि पास्ता दोन्ही खाणे म्हणजे भाताबरोबर चार पोळ्या.

चिलेंतोचे खरे अन्न गरिबांचे अन्न आहे. 'लगाने ए चेची' म्हणजे रुंद पट्ट्यांचा पास्ता आणि हरभरे. पहिला घास घेताच सौ. म्हणाल्या, "अहो, ही तर आपली वरणफळं!" खोटे नाही. 'चांबोत्ता' म्हणजे वांगे, बटाटा, ढोबळी मिरची, टोमॅटो एकत्र शिजवलेली भाजी. 'अक्वासाले' म्हणजे दोनदा भाजलेला कडक पाव पाण्यात भिजवून वर टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. कोंत्रोने गावचा पांढरा घेवडा, डोंगरातल्या रानभाज्या, छोटे मासे. मासे खाणाऱ्यांनी येथली आंचोवी जरूर खावी, पण ताजी. खारवलेली चवीपुरतीच. पांढरे अंजीर प्रसिद्ध आहे, मात्र सुके अंजीर म्हणजे साखरेची पुडीच. मधुमेह्याने एकावर थांबावे.

शाकाहारी मंडळींनी दोन शब्द पाठ करावेत. 'सेन्झा कार्ने' म्हणजे मांसाशिवाय आणि 'सेन्झा पेशे' म्हणजे माशांशिवाय. कडधान्यांच्या सूपमध्ये चवीसाठी डुकराच्या चरबीचा तुकडा टाकण्याची तेथे रीत आहे, म्हणून आधी विचारावे. पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते, हेही कडक शाकाहारींना माहीत असावे. आणखी एक इशारा. वसंतात तेथे 'फावा' नावाचे मोठे वाल कच्चेही खातात. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता आहे, त्यांच्या तांबड्या पेशी या वालांनी फुटतात. असा दोष आपल्याकडेही आढळतो. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांनी फावा टाळावा.

मीठ हा छुपा शत्रू. ऑलिव्ह, चीज, खारे मासे हे सगळे मिठात मुरलेले. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कीज यांचे सहकारी जेरेमाया स्टॅमलर यांनी मीठ आणि रक्तदाब यांवर आयुष्यभर काम केले. तेही या किनाऱ्यावर येऊन राहत आणि २०२२ मध्ये १०२ व्या वर्षी वारले. रक्तदाबाच्या रुग्णाने एका जेवणात यातला एकच खारा पदार्थ घ्यावा.

राहिली वाइन. "तिकडे हृदयासाठी घेतात ना?" असे मला हमखास विचारतात. तेथले शेतकरी जेवणाबरोबर एखादा पेला घेत, हे खरे. पण दारूचे निर्धोक असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. जे घेत नाहीत त्यांनी औषध म्हणून सुरू करू नये. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी तर कधीच घेऊ नये.

ग्रीसच्या बेटांवर जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तेथे घरगुती खोल्या भाड्याने मिळतात आणि खानावळीत 'होर्ता' म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, तसेच 'लादेरा' म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या असतात. ग्रीक ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या जेवणाला 'निस्तिसिमा' म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. मात्र शिंपले-कोळंबी चालतात, तेवढे विचारून घ्यावे.

निघण्यापूर्वी

औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत, इन्सुलिन तर सामानात टाकूच नये. चिठ्ठीवर औषधांची मूळ रासायनिक नावे लिहून घ्यावीत, कारण आपल्या कंपन्यांची नावे तिकडच्या औषधवाल्याला कळत नाहीत. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण जुने आजार त्यात धरले आहेत का, ते वाचून पाहावे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यात तिचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. खिशात साखरेच्या पुड्या असाव्यात. तातडीला ११२ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

शेवटी माझे मत स्पष्ट सांगतो. आपल्यातले पुष्कळ लोक दोन टोकांना असतात. काहीजण तिकडे जाऊन दहा दिवस बसमध्ये पुरी-भाजी, चिवडा आणि लाडू खातात आणि त्या देशाची चव न घेताच परत येतात. वृद्ध माणसाला परमुलखात आपल्या जेवणाचा आधार वाटतो हे मी समजू शकतो, पण त्या आधाराला रोज तळणीचा वास कशाला? दुसरे टोक म्हणजे परत येताना ऑलिव्ह तेलाची बाटली आणायची आणि त्यात भजी तळायची. तेल कोणतेही असो, एका ग्रॅमला नऊ उष्मांक. शेंगदाण्याच्या तेलाला आणि त्याला उष्मांकांत फरक नाही. आणायचेच तर तेथून जेवणाची रीत आणावी. कडधान्य रोज, भाजी भरपूर, धान्य बेताचे, गोड सणाला आणि जेवल्यावर बंदरापर्यंत चालत फेरी.

गुरुजी परवा पुन्हा आले. मुलीने हॉटेल बदलले आहे. समुद्रापासून तीन किलोमीटर आत, शेतावरची तळमजल्याची खोली. खिडकीतून समुद्र दिसत नाही. "पण मालकीणबाई विचारत होत्या, हरभरे चालतील का," गुरुजी म्हणाले. मी म्हटले, "गुरुजी, आता खुशाल जा. आणि पथ्य सोडायची गरजच पडणार नाही."